दोनशे बऱ्या, दोनशे वाईट

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
पॅन्ट्रीच्या मागे, गॅस सिलिंडरशेजारी
आमचा मेल सर्व्हर राहतो.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
बादली ओतणं माझ्या कामात लिहिलेलं नाही,
पण ओतते.

सहा वर्षं सगळ्या ऑफिसला एकच गाळणी.
सब घोडे बारा टक्के.
शुक्रवारी फिलू परेरा म्हणाली,
"उज्ज्वला, चर्चमधून मराठीत पत्रं पाठवतात म्हणे, एकही येत नाही गं,
आणि केस उगवायचं तेल रोज येतं."
म्हटलं, बरं. आता ज्याची त्याची गाळणी वेगळी.

रात्री सगळे गेल्यावर जुनी उघडली.
आत पत्रं नसतात. सुटे शब्द असतात, दाण्यांसारखे,
आणि प्रत्येकासमोर दोन आकडे:
बऱ्या चिठ्ठ्यांत किती वेळा दिसला, वाईटांत किती वेळा.

लॉटरीवाले शब्द होतेच, हजारांनी.
खाली सरकले तर
'कळविण्यात': शून्य, तीनशे बारा.
'सभासद': शून्य, तीनशे बारा.
'आपला' तसाच.
'आणि'सुद्धा.
त्या बिचाऱ्या 'आणि'नं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

तासभर मागे मागे जात शोधलं.
'कचरा' हे बटण एकट्या लालवानी शेठकडे होतं.
बाकीच्यांना मीच दिलं नव्हतं,
चुकून काहीतरी दाबतील म्हणून.
शेठना मराठीत एकच पत्र यायचं, कामगार पतपेढीचं, दर सोमवारी:
पगारातून कापलेले हप्ते अजून भरणा झालेले नाहीत.
न उघडता दाबायचे.
सहा वर्षांचे सोमवार, मोजून तीनशे बारा.

गाळणीला पतपेढी कळत नाही.
तिला एवढंच कळलं की या वळणाची अक्षरं म्हणजे घाण.
मग मुश्ताक खोतच्या मुलीच्या शाळेची सूचना,
जनार्दन भगतच्या गावकीची बैठक,
कुणाकुणाच्या लग्नपत्रिका,
सगळं तिकडे.
तीस दिवसांनी आपोआप पुसलं जायचं.
तेही मीच लिहून ठेवलेलं.

ही जुनी सगळ्या एकतीस जणांना वाटून देता आली असती.
सुरुवात सोपी गेली असती.
कमांड टाइप केली, एन्टरवर बोट ठेवून बसले,
उठले, बादली ओतून आले,
आणि खोडली.
जुनी शेठच्या नावावर केली. त्यांचीच होती ती.
बाकी तिसांना कोरी.

कोरी गाळणी दोनशे बऱ्या आणि दोनशे वाईट चिठ्ठ्या
पाहिल्याशिवाय मत देत नाही.
एवढा धीर मी माणसात पाहिलेला नाही.

सोमवारी बोंबाबोंब.
परेरा म्हणाली, तेल आता दिवसाला नऊदा येतंय, आधीच बरं होतं.
भगत म्हणाला, हे निवडत बसू तर गास्केटं कोण मोजणार?
टेबलाटेबलाशी जाऊन दोन बटणं दाखवली,
हे बरं, हे वाईट.
खोतनं विचारलं, "मी दाबलं तर फक्त माझ्यापुरतं?"
फक्त तुझ्यापुरतं.
"शेठनी दाबलं तर?"
त्यांच्यापुरतं.

सव्वाअकराला पतपेढीचं पत्र आलं.
त्याची प्रत प्रत्येक सभासदाला जाते,
हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं.
दहाएक मिनिटं फक्त पंखे.
मग कोपऱ्यातला प्रिंटर सुरू झाला,
थांबेचना. कागद संपला तेव्हा भगतनं नवा गठ्ठा फोडला.
शेठच्या केबिनचं दार लोटलेलं होतं.

मी कुणाचं पत्र वाचत नाही, तो माझा नियम आहे.
नुसते आकडे पाहिले, खोतच्या खात्यातले.
बऱ्या: एक.
वाईट: अजून शून्य.